आंतरिक्ष जल, उष्णोदक आणि पाण्याची अवस्थांतरे

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचेचाळिसाव्या अध्यायात द्रवद्रव्यांचा विचार करताना आचार्यांनी आंतरिक्ष जलाचे चार प्रकार सांगितले आहेत : धार, कार, तौषार आणि हैम. धार म्हणजे पावसाच्या धारांचे, कार म्हणजे गारांचे, तौषार म्हणजे दव-धुक्याचे आणि हैम म्हणजे हिमाचे पाणी. विद्यार्थिदशेत आपण हे चार शब्द पाठ करतो, ‘धार श्रेष्ठ, कारण ते लघु’ एवढे उत्तरपत्रिकेत लिहितो आणि पुढे जातो. प्रत्यक्षात हे वर्गीकरण फार अर्थपूर्ण आहे. आकाशातून पृथ्वीवर येणारे पाणी ज्या ज्या अवस्थेत येऊ शकते, त्या सर्व अवस्था या चार शब्दांत आल्या आहेत.

शालेय विज्ञानात पाण्याच्या तीन अवस्था शिकविल्या जातात : बर्फ, पाणी आणि वाफ. या अवस्था एकमेकींत कशा बदलतात, हे वरवर पाहता बाळबोध वाटते. परंतु वैद्याच्या नित्य व्यवहारातील स्वेदन, उष्णोदक आणि उन्हाळ्यातील रुग्णांची शुश्रूषा या तिन्ही गोष्टी याच ज्ञानावर अवलंबून आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम निसर्गातील अवस्थांतरांचा मुळापासून विचार करून नंतर त्याचा चिकित्सेशी असलेला संबंध पाहू.

अवस्थांतराचे दोन नियम

पाणी हे अतिसूक्ष्म रेणूंचे बनलेले आहे. बर्फात हे रेणू ठरावीक रचनेत जखडलेले असतात व जागच्या जागी कंप पावतात. द्रवरूप पाण्यात ते एकमेकांना धरून असतात, परंतु सरकू शकतात. वाफेत ते एकमेकांपासून सुटून स्वैर फिरतात. बर्फाचे पाणी होताना अथवा पाण्याची वाफ होताना ही बंधने तोडावी लागतात, आणि त्यासाठी उष्णता खर्च होते. ही उष्णता बंधने तोडण्यातच संपत असल्याने त्या काळात पाण्याचे तापमान वाढत नाही. वितळत्या बर्फात तापमापी ठेवली, तर सर्व बर्फ वितळेपर्यंत ती शून्य अंशावरच स्थिर राहते. उकळत्या पाण्याखालची आच कितीही वाढविली, तरी समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. फक्त वाफ अधिक वेगाने होते.

इसवी सनाच्या अठराव्या शतकात, १७६० नंतरच्या काही वर्षांत, ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक यांनी ही गोष्ट मोजून सिद्ध केली. ब्लॅक हे स्वतः वैद्यकाचे प्राध्यापक होते, ही आपल्या दृष्टीने लक्षणीय बाब. तापमापीला न दिसणाऱ्या या उष्णतेला आज आपण ‘अप्रकट उष्मा’ म्हणतो. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी होण्यास सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते. १०० अंशाच्या एक किलो पाण्याची १०० अंशाचीच वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. ते पाणी शून्यापासून शंभरापर्यंत तापविण्यास लागलेल्या उष्णतेच्या ही पाचपटींहून अधिक होय. क्रम उलटला की हीच उष्णता परत मिळते. वाफेचे पाणी होताना तितकीच उष्णता बाहेर पडते. हा पहिला नियम.

दुसरा नियम असा, की पाणी वाफरूप होऊन निघून जाते तेव्हा त्यात विरघळलेले क्षार मागेच राहतात. याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे कोकणकिनाऱ्यावरील मिठागरे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाचरात अडविलेले पाणी उन्हाने उडून जाते आणि मीठ खाली राहते.

थोडक्यात, वाफ होताना पाणी उष्णता बरोबर नेते व क्षार मागे ठेवते. पुढील सर्व विवेचन या दोन नियमांवर उभे आहे.

बाष्पीभवनासाठी पाणी उकळलेच पाहिजे असे नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. कोणत्याही तापमानाला पाण्याच्या पृष्ठभागावरील अधिक वेगवान रेणू सुटून हवेत जात असतात. वेगवान रेणू निघून गेले की उरलेले पाणी थंड होते. ओले धोतर सावलीतही वाळते आणि माठातील पाणी गार होते, ते याच कारणाने.

निसर्गातील अर्कयंत्र

अर्क काढण्याची क्रिया आपणा सर्वांस परिचित आहे. पात्रात द्रव्य व पाणी घालून अग्नी द्यावा, वाफ नळीतून न्यावी, ती थंड करावी आणि थेंब थेंब पडणारा अर्क धरावा. निसर्गात समुद्र हे पात्र, सूर्य हा अग्नी आणि उंचावरील थंड हवा हे शीतकरणाचे साधन आहे. समुद्रावरून उठलेली वाफ क्षार मागे ठेवून वर जाते. म्हणूनच खारट समुद्रातून गोडे पाणी निर्माण होते.

हवा वर चढू लागली की तिच्यावरील दाब कमी होतो, ती प्रसरण पावते व थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटर उंचीला सुमारे १० अंशांनी थंड होते. थंड हवेतील वाफेचे धूळ, मीठ यांच्या सूक्ष्म कणांभोवती सांद्रीभवन होऊन जलकण बनतात. अशा असंख्य कणांचा समूह म्हणजे ढग. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर आदळून वर चढतात तेव्हा हेच घडते. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर घाट उतरून पूर्वेस असलेल्या वाईला हजार मिलिमीटरही पडत नाही. कारण डोंगर ओलांडून उतरणारी हवा पुन्हा दाबली जाऊन तापते आणि सांद्रीभवन थांबते. ढगातील जलकण एकत्र येऊन जड झाले की खाली पडतात. हे धार जल.

सांद्रीभवनाच्या वेळी वाफेतील अप्रकट उष्मा हवेत सुटतो, तिला अधिक हलकी करतो व आणखी वर ढकलतो. उन्हाळी वळवाचे उंच ढग याच शक्तीवर वाढतात. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’सारख्या चक्रीवादळांचे इंधनही समुद्रावरील वाफेचा हाच अप्रकट उष्मा होय.

कार जलाची उत्पत्ती अशा उंच ढगांत होते. त्यांच्या वरच्या भागात तापमान शून्याच्या कितीतरी खाली असते. तरीही पुष्कळ जलकण न गोठता द्रवरूपच राहतात. अशा अतिशीत कणांना एखाद्या हिमकणाचा स्पर्श होताच ते त्यावर गोठतात. जोरदार ऊर्ध्वगामी वारे या गोळीला वर उचलून धरतात, तिच्यावर बर्फाचे थर चढतात, आणि वजन वाऱ्याला पेलेनासे झाले की ती गार होऊन कोसळते. मोठी गार कापून पाहिल्यास कांद्याप्रमाणे थर दिसतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने रब्बीची उभी पिके झोपविली, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

तौषार जलासाठी ढगाची गरज नाही. निरभ्र, निवांत रात्री जमीन व गवत आपली उष्णता आकाशाकडे टाकून वेगाने थंड होतात. त्यांना लागून असलेल्या हवेतील वाफ एका विशिष्ट तापमानाखाली हवेत राहू शकत नाही व पानांवर दवाच्या रूपाने उतरते. जमिनीलगतच्या हवेचा पूर्ण थरच असा थंड झाला की धुके दाटते. गवताचे पाते शून्य अंशाखाली गेले तर दव गोठते वा वाफ थेट बर्फरूपात जमते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात कडाक्याच्या थंडीत गवतावर जो पांढरा थर दिसतो, तो असा. भोवतालची हवा शून्याच्या वर असली, तरी गवत तिच्याहून अधिक थंड झालेले असते.

हैम जलात वाफ द्रवरूप न होता थेट हिमस्फटिक बनते. याच्या उलट क्रिया, म्हणजे घनाचे थेट बाष्प होणे, यास संप्लवन म्हणतात. उघडा ठेवलेला कापूर उडून जातो, तसे लडाखच्या कोरड्या हवेत हिमही काही अंशी न वितळताच उडून जाते. हिमालयात साठलेले हिम उन्हाळ्यात वितळते व गोमुखासारख्या हिमनदीच्या मुखातून नदी होऊन वाहू लागते. आकाशातील हैम जल याप्रमाणे भौम होते.

धार जलाचे गाङ्ग व सामुद्र असे दोन भेद करून आचार्यांनी परीक्षाही सांगितली आहे : न नासलेल्या, न करपलेल्या शालीच्या भाताचा पिंड रौप्यपात्रात घालून पावसात एक मुहूर्त ठेवावा, तो जसाच्या तसा राहिला तर जल गाङ्ग, वर्ण बदलला वा शिते पाणावली तर सामुद्र, व ते अग्राह्य. आश्विनातील पाऊस प्रायः गाङ्ग असतो, असेही म्हटले आहे. पावसाचे थेंब पडता पडता हवेतील धूळ, क्षार व वायू विरघळवून घेतात, आणि ऋतूच्या प्रारंभीच्या पावसात ही मळी अधिक असते, असे आजचे विज्ञान सांगते. दोन्ही शास्त्रांची परिभाषा एकच मानण्याचे कारण नाही. परंतु आकाशातून आलेले सर्व पाणी सारखे नसते व ते तपासून घ्यावे, हा विवेक दोहोंत समान आहे.

जल शीत करण्याचे सात उपाय

याच अध्यायात पाणी थंड करण्याचे सात उपाय दिले आहेत : प्रवातस्थापन, उदकप्रक्षेपण, यष्टिकाभ्रामण, व्यजन, वस्त्रोद्धरण, वालुकाप्रक्षेपण व शिक्यावलंबन. पहिल्या नियमाच्या प्रकाशात पाहिल्यास यांतील बहुतेक उपाय बाष्पीभवन वाढविणारे आहेत. वाऱ्यावर ठेवणे व पंख्याने वारा घालणे यांमुळे पृष्ठभागावरील दमट हवा दूर होते. काठीने ढवळल्याने तळाचे पाणी वर येते. वस्त्रातून काढल्याने पाण्याचा हवेशी संपर्क वाढतो. शिंक्यात टांगल्याने भांड्यास सर्व बाजूंनी वारा लागतो.

मात्र हे सर्व उपाय हवा कोरडी असेल तरच उत्तम चालतात. हवेत आधीच पुष्कळ वाफ असेल तर नवी वाफ होण्याचा वेग मंदावतो. नागपूरला मे महिन्यात माठ सुरेख गार होतो आणि वाळ्याचा ओला पडदा खोली निववितो; रत्नागिरी किंवा मुंबईस त्याच महिन्यात माठातील पाणी जेमतेम निवते.

स्वेद आणि उष्माघात

मनुष्यशरीर हाही एक प्रकारचा माठच आहे. त्वचेवरील एक लिटर घाम पूर्णपणे उडून गेला, तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. सामान्य तापमानाला हा आकडा उत्कलनाच्या वेळेपेक्षा थोडा अधिक असतो. भोवतालची हवा शरीराहून अधिक तापलेली असता उष्णता बाहेर टाकण्याचा हा एकमेव नैसर्गिक मार्ग उरतो. पण घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो उडाला पाहिजे. अंगावरून ओघळून पडलेला घाम जल व लवण नेतो, उष्णता मात्र जवळजवळ नेत नाही.

म्हणूनच कोकणपट्टीतील ३८ अंश विदर्भातील ४३ अंशांपेक्षा अधिक घातक ठरू शकतात. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर उन्हात झालेल्या मोठ्या सोहळ्यानंतर उष्माघाताने दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील तापमान सुमारे ३८ अंश नोंदले गेले होते. तापमापीच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून घेतलेले तापमान हे उष्णता व आर्द्रता या दोहोंचा एकत्र निर्देश करते. हे ३५ अंशांवर गेले तर निरोगी मनुष्यही शरीर थंड राखू शकणार नाही, असे मानले जात असे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निरोगी तरुणांतही दमट हवेत ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच आढळली. वृद्ध, बालके, मद्यपी व हृद्रोगी यांच्याबाबत ती याहून खाली असणार, हे उघड आहे.

यातून शुश्रूषेचा स्पष्ट बोध मिळतो. तापलेले शरीर, भ्रम, असंबद्ध बोलणे, आक्षेप वा मूर्च्छा ही लक्षणे दिसताच तो रुग्ण आत्ययिक समजावा. त्यास सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंग ओले करून जोराने वारा घालावा व विनाविलंब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दमट प्रदेशात केवळ ओले फडके व पंखा यांवर विसंबू नये; थंड पाण्यात बसविणे, अथवा मान, काखा व जांघा येथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवणे अधिक उपयोगी. बर्फ वितळताना किलोमागे ८० किलोकॅलरी ओढून घेतो, आणि त्याला हवेच्या कोरडेपणाची गरज नसते. शुद्ध हरपलेल्या रुग्णास पाणी वा औषध पाजू नये.

नाडीस्वेदातील सूक्ष्म दृष्टी

उकळत्या पाण्याचा शिंतोडा आणि वाफेचा झोत यांचे तापमान एकच असले, तरी वाफेचा दाह अधिक तीव्र असतो. कारण त्वचेवर आदळताच वाफेचे पाणी होते व प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता तेथे सुटते. त्यानंतर ते उकळते पाणी भाजते ते वेगळेच. चरकसंहितेच्या स्वेदाध्यायात नाडीस्वेदाची नळी दोन-तीन ठिकाणी वाकविलेली असावी, म्हणजे बाष्प सरळ न येता त्याचा प्रचंड वेग मोडतो व ते त्वचा न जाळता सुखाने स्वेदन करते, असे स्पष्ट केले आहे. वाकलेल्या लांब नळीत वाफेचा काही भाग आधीच थंड होऊन पाणी बनतो व तीव्र उष्मा नळीतच खर्ची पडतो. हल्ली प्रेशर कुकरला थेट रबरी नळी जोडून स्वेदन देण्याची पद्धत रूढ आहे. तीत नळीची लांबी, तोंडावरील फडके आणि रुग्णापासूनचे अंतर यांची हेळसांड होऊ नये. मधुमेही वा संवेदना मंदावलेल्या रुग्णास चटका बसल्याचे कळतही नाही.

उष्णोदक : कोणत्या पाण्याचे?

आता दुसऱ्या नियमाकडे वळू. अर्धावशेष वा पादावशेष उष्णोदक आपण अनेक रुग्णांस सांगतो. उकळल्याने जंतू मरतात. त्यासाठी पाण्याला एक मिनिट खळखळून उकळी येणे पुरेसे असते. परंतु पाणी आटविले म्हणजे केवळ जल उडते, विरघळलेले क्षार पात्रातच राहतात. भांड्यास जो पांढरा थर बसतो, तो काही क्षार गाळ होऊन खाली बसल्याचा. परंतु फ्लोराइड, नायट्रेट यांसारखे घटक बहुतांशी पाण्यातच राहतात व चतुर्थांश पाण्यात त्यांचे प्रमाण चौपटीच्या जवळ जाते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. अन्य स्रोत नसल्यास कमाल १.५ मिलिग्रॅम. समजा, एखाद्या गावचे पाणी १.२ मिलिग्रॅमचे, म्हणजे कसेबसे मर्यादेत बसणारे आहे. ते पादावशेष केल्यास प्रमाण ४.८ मिलिग्रॅमच्या घरात जाते. दिवसाला असे दोन लिटर पाणी पिणारा रुग्ण आठ लिटर मूळ पाण्यातील फ्लोराइड घेतो. संधिशूलासाठी उष्णोदक सांगितलेल्या रुग्णास हेच पाणी कालांतराने दात, अस्थी व संधी यांना अपाय करणारे ठरेल. नायट्रेट अधिक असलेल्या विहिरीचे पाणी आटवून लहान बालकास देणे तर त्याहून धोक्याचे.

यात उष्णोदकाच्या शास्त्रोक्त गुणांस बाध येत नाही. ग्रंथकारांनी कौप, नादेय, सारस, ताडाग अशा भौम जलांचे गुणदोष स्वतंत्रपणे वर्णिले आहेत, ते पाणी पारखून घ्यावे म्हणूनच. त्यांच्या काळी दोनशे-तीनशे फूट खोलीच्या विंधन विहिरींचे पाणी पिण्यात नव्हते. ती पारख आज आपल्यावर आली आहे.

म्हणून उष्णोदक सांगण्यापूर्वी रुग्णास पाणी कोठले, हे विचारावे. विंधन विहिरीचे असल्यास ग्रामपंचायतीकडे वा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे त्याचा अहवाल मिळतो का ते पाहण्यास सांगावे. अहवाल येईपर्यंत पाणी न आटविता, झाकण ठेवून केवळ उकळून प्यावे. झाकणास लागलेली वाफ पाणी होऊन पुन्हा पात्रात पडते आणि क्षारांचे प्रमाण फारसे वाढत नाही. आटविलेलेच पाणी हवे असेल तर ते कमी क्षारांच्या स्रोताचे घ्यावे. घराच्या स्वच्छ छपरावरचे, पहिले काही पाऊस सोडून नंतर धरलेले व झाकून साठविलेले पावसाचे पाणी त्यास फार योग्य. उकळून घेतले की ते निर्धास्तपणे आटविता येते. स्वच्छ पांढरे वस्त्र ताणून अथवा स्वच्छ गच्चीवरून धार जल धरावे व सोन्या-रुप्याच्या नाहीतर मातीच्या भांड्यात ठेवावे, ही आचार्यांची सूचना विंधन विहिरींच्या गावांत आज शब्दशः आचरण्याजोगी आहे.